सासरची वाटी

गोजराबाई ओरडल्या नाहीत, तिथेच हर्षिताला धसका बसला.

ही बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून तोंड उघडायला लागली की कानडी मुलखातल्या या शिवाजीनगरच्या बसस्टँडवरचे ड्रायव्हर हॉर्न आवरते घेत, आणि भाजीवाला "सरी अक्का, सरी", बरं ताई, बरं, म्हणत जुडी फुकटच पिशवीत टाकून मोकळा होई. तीच हर्षिताची सासू आज सकाळी आरशासमोर उभी होती आणि तोंडातून ब्रही निघत नव्हता. चिमटीत मंगळसूत्र. माहेरची वाटी पिवळीधमक. सासरची पांढरीफटक.

"निजताना पिवळी होती," त्या म्हणाल्या. "झोपेत सोनं मेलं माझं. तेही सासरचंच."

खुर्चीत शाल लपेटून बसलेले जयसिंगराव हसले. मांडीवर उद्याच्या शिवजयंतीचा फेटा होता. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे घोड्यावर बसायचा मान त्यांचा. घोडे म्हातारे होऊन बदलले, स्वार बदलला नव्हता. सराफानं चांदीवर मुलामा देऊन फसवलं असेल, तो उडाला, एवढंच, असं त्यांनी बायकोला समजावलं.

"उद्या तुम्ही घोड्यावर बसायचं नाही," गोजराबाई म्हणाल्या.

जयसिंगरावांचं हसू मावळलं. तो नरसिंहराव रिकिबीत पाय घालायला कधीचा टपून बसलाय, आणि एका वाटीपायी त्याच्या हाती लगाम द्यायचा? त्यांनी सुनेला साकडं घातलं. तू सायन्सवाली ना, मग तूच सांग हिला.

हर्षिता पुण्याची, लग्न होऊन या कानडी शहरात आलेली. हेब्बाळच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, आणि आजचा पहिलाच तास मूलद्रव्यांच्या तक्त्याचा होता म्हणून तक्त्याची गुंडाळी काखेतच होती. ती वाकली. वाटीला बोट न लावता पेनाच्या टोकानं तिनं ती उलटी केली. पांढरेपणा मेलेला नव्हता. ओल्या आरशासारखा चमकत होता.

"आई, हा पारा आहे."

तिनं तक्ता दाराच्या खिळ्याला अडकवला आणि बोट ठेवलं. हे सोनं, एकोणऐंशी नंबरचं घर. भिंतीला भिंत लागून ऐंशी नंबरला पारा. नंबर म्हणजे अणूच्या गाभ्यात प्रोटॉन किती, ती मोजणी. सोन्यात एकोणऐंशी, पाऱ्यात ऐंशी. सोनं जरा पाऱ्याला शिवलं की पारा त्याला लगडतो, थोडा आतही शिरतो, पण सोन्याच्या अणूतले एकोणऐंशी जागचे हलत नाहीत. ते हलले तरच सोन्याचं दुसरं काही होईल, आणि ते कुणाच्या नजरेनं होत नाही, अपशकुनानं तर नाहीच.

"एका दाण्याचा फरक?" गोजराबाईंनी विचारलं.

"एकाच."

"भिंत फार पातळ आहे ग."

पण चेहऱ्यावर रंग आला. जयसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. बघ, मोजणी जागच्या जागी आहे, घोडेवाल्याला आता फोन करतो.

हर्षितानं पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सांगितलं की मंगळसूत्र गळ्यातून काढायला हवं, पारा विषारी असतो. विष परवडलं, पण नवरा समोर असताना गळा ओका नको, यावर सासूबाई ठाम. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. दोऱ्यात हळकुंड ओवलं, ते आधी गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र काचेच्या बरणीत सोडलं.

बरणीचं झाकण लावता लावता हर्षिताचा हात थांबला. पारा घरात आला कुठून? वाट्या छातीवरून घसरून पडतात त्या अंथरुणावर. सासूबाई निजतात डाव्या कुशीवर, आणि डावीकडे उशी असते ती...

"अंथरूण नको विस्कटू," जयसिंगराव म्हणाले. "आत्ताच घातलंय मी."

लग्न झाल्यापासून त्या माणसानं चादरीचा कोपरा सरळ केला नव्हता. हर्षितानं त्यांची उशी उचलली. चांदीचे मणी चादरीवर सैरावैरा पळाले, एकमेकांना भेटून मोठे झाले आणि खळग्यात जाऊन बसले. उशीच्या अभ्र्यात रुमाल होता. रुमालात ताप मोजायची जुनी काचेची नळी. टोक फुटलेलं.

"झटकताना खाटेच्या दांड्याला लागली," ते फेट्याकडे बघत म्हणाले.

"पण लावली कशाला होती, बाबा?"

ते फेट्याची घडी सारखी करत राहिले. घडी सरळच होती. मग हर्षिताला ती शाल दिसली, त्या शालीखाली थरथरणारे गुडघे दिसले. तिनं सासऱ्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. भाकरी टाकावी तर फुगून वर येईल, असं कपाळ.

"किती होता?"

"एकशे तीन," जयसिंगराव पुटपुटले. "परवापासून. झटकून खाली आणत होतो, तर मेला चढतच होता. पोरी, नरसिंहरावाला तेवढं कळू देऊ नकोस."

दाराच्या खिळ्यावरचा तक्ता सुटला आणि आपोआप गुंडाळत खाली आला.

गोजराबाईंनी फेटा नवऱ्याच्या मांडीवरून उचलला. भिजवून पिळला, आणि त्याची पट्टी त्यांच्या कपाळावर ठेवली. मग गळ्यातलं हळकुंड चाचपत त्या सुनेला म्हणाल्या,

"तुझ्या तक्त्यानं शेवटी तेच सांगितलं की ग, यांनी घोड्यावर बसायचं नाही. माझी वाटी स्वल्प आधी बोलली."