टॉवेलखालचा रेजी

"खाणं मिळतं, झोपाळा मिळतो, हिंडवायला पट्टासुद्धा मिळतो," गिल पाचेको मार्व्हेलच्या कानाशी पुटपुटला. "अख्ख्या कॅलिफोर्नियात मिळत नाही तो फक्त फेरेट! म्हणजे खोगीर खुशाल घ्या, घोडा तेवढा बेकायदा."

पुटपुटतच तो उठला आणि पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकायला बाहेर पळाला. मुदत अजून संपायची होती. पण संपली तर?

पिझ्झाच्या दुकानामागच्या खोलीत फेरेट मुक्ती मंडळाची गुरुवारची बैठक चालली होती. मुंगसासारखा हा लांबुळका प्राणी घरात पाळणं तिथे गुन्हा होता. अध्यक्ष वेंडेलच्या शेजारच्या खुर्चीवर नेहमीसारखी टॉवेलने झाकलेली पेटी होती. आत त्याचा फेरेट, रेजी. टॉवेल कुणी उचलत नसे. पाहिलंच नाही, तर साक्ष कशाची द्यायची?

मार्व्हेल पहिल्यांदा आली तेव्हा मंडळातल्या नोरीनने विचारलं होतं, "तुझ्या लबाडाचं नाव काय गं?" मार्व्हेलने समोरच्या बशीतल्या मफिन केककडे पाहिलं आणि म्हणाली, "मफिन." झालं. तेव्हापासून ती बैठकीला निघताना केस लागावेत म्हणून शेजारणीच्या मांजराला स्वेटर घासून येई. मफिनने मोजे कसे पळवले, सोफ्याखाली किल्ल्या कशा दडवल्या, हे तिने इतक्यांदा रंगवून सांगितलं होतं, की कधी कधी ती स्वतःच सोफ्याखाली वाकून बघे. नवरा गेल्यापासून लिपस्टिक लावायला तिला गुरुवार तेवढा उरला होता.

गिल परतल्यावर वेंडेलने घसा खाकरला. "आमदारबाई फेरेटबंदी उठवायचं आपलं विधेयक मांडायला तयार आहेत."

टाळ्या पडल्या.

"एकच अट. मंगळवारी राजधानीत, सॅक्रामेंटोला, समितीसमोर, आपल्यातल्या एकाने फेरेट मांडीवर घेऊन म्हणायचं, हा माझा आहे. खटला झालाच तर वकील त्या देतील. नाही आलं कुणी, तर विधेयक विसरा."

टाळ्या थांबल्या.

"माझ्या ब्रूनोला सर्दी झालीय," गिल म्हणाला.

"माझीचे केस गळतायत," नोरीन म्हणाली. "अशा अवतारात बाईमाणसाला लोकांसमोर कसं न्यायचं?" ती रिकामा पेला घेऊन सोड्याच्या यंत्रापाशी गेली. 'एकदाच भरावा' ही पाटी तिने वाचली, आणि पेला तसाच रिकामा घेऊन परतली.

"रेजीला गाडी लागते," वेंडेल म्हणाला.

"इथे तर दर गुरुवारी आणतोस!" गिल म्हणाला.

"जवळ आहे म्हणून."

मग तिघांनीही मार्व्हेलकडे पाहिलं. "तुझा मफिन किती शहाणा आहे!" नोरीन मायेने म्हणाली. "तूच जा गं."

मार्व्हेलने हातातला घास खाली ठेवला. कुणाचा तरी फेरेट उसना मागावा, असं तिच्या मनात आलं. तिने पेटीकडे हात नेला. "रेजीलाच थोडं चुचकारून बघू या का?"

वेंडेलने टॉवेलवर हात दाबला. "झोपलाय!"

पेटी हलली नाही. कधीच हलली नव्हती, हे मार्व्हेलच्या आत्ता ध्यानात आलं. तिने गिलकडे पाहिलं. तो मीटरला जायला उठला होता. आत्ताच तर जाऊन आला होता.

"बस रे," ती म्हणाली. "वेंडेल, माझ्याकडे मफिन नाही. कधीच नव्हता. माझ्याकडे शेजारणीच्या मांजराचे केस आहेत."

आता ऊठ म्हणतील, म्हणून तिने पर्स हातात घेतली. नोरीनने मान खाली घालून रिकामा पेला टेबलावर ठेवला. गिल हळूच खाली बसला.

वेंडेलने टॉवेल उचलला. आत एक तपकिरी लोकरी टोपी होती, नीट घडी घालून ठेवलेली.

"बैस गं बाई," तो म्हणाला. "कायदा मोडायची छाती असती, तर तो बदलायला आपण इथे कशाला बसलो असतो?"