दोन स्वल्पविरामांच्या मध्ये

मोबाइलवरची रेघ एकदम खाली कोसळली आणि आकडा आला: शून्य.

त्याच्या हातातला चहा सांडला. तो आकडा त्याच्या मुलीच्या नाडीचा होता. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली ती इवलीशी पोर वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. आईबापांना खाली बसूनही नाडी दिसावी म्हणून इस्पितळाने हे वेबपान करून घेतलं होतं. ते बनवणारा प्रोग्रामर तो स्वतःच.

लिफ्टची वाट न बघता तो जिने चढत सुटला. बायकोला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. कालच तर पोरीने तिचं बोट घट्ट धरलं होतं.

पेटीत मुलगी लालबुंद होऊन रडत होती.

"नाडीची तार निघाली होती हो," तिच्या पायाला पट्टी चिकटवत सिस्टर म्हणाल्या. "नुसत्या लाथा झाडते."

तो भिंतीला टेकून हसला, मग रडला. मग डोकं चालायला लागलं. यंत्राकडून नाडी मजकूर म्हणून यायची: आकडा, स्वल्पविराम, पुन्हा आकडा. त्याचा प्रोग्राम स्वल्पविरामापाशी तुकडे करून प्रत्येकाची संख्या करायचा. तार निघाल्यावर दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच आलं नाही. त्या 'काहीच नाही'चं प्रोग्रामने निमूटपणे शून्य करून टाकलं.

त्याने ऑफिसातल्या जोडीदाराला फोन लावला. "अरे, रिकाम्या तुकड्याचं शून्य होतंय. आधी तपासायचं, मगच संख्या करायची. रिकामा असेल तर 'नाडी मिळत नाही' असं दाखवायचं."

"पोरगी बरी आहे ना? मग सोमवारी करू की."

"चालेल," तो म्हणाला. जिवात जीव आला होता.

सिस्टर टेबलापाशी जाऊन बसल्या. समोरच्या पडद्यावर तेच पान होतं, सगळ्या पेट्यांच्या रेघा दाखवणारं. कोपऱ्यातल्या पेटीची रेघ कोसळली. शून्य. सिस्टर बाटली उघडून पाणी प्यायल्या.

"सिस्टर, ते शून्य..."

"ते होय? दिवसभर चालू असतं. सुरुवातीला आम्हीही तुमच्यासारख्याच धावायचो," त्या हसल्या. "आता कोणी उठत नाही."

तो धावतच कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेला.

तार जागच्या जागी होती.