यांना दिलेला शब्द

"बाई पोथीवर बसली की मधात उठू नये, अन् कोणी तिले हाकही मारू नये," असं सासूबाई सांगून गेल्या. या घरात तेवढा नेम आजही सगळे पाळतात, हेसुद्धा.

रविवारी माझ्या लेकीची, गुंजनची, जपानीची परीक्षा आहे. पास झाली तर तिकडे नर्सची नोकरी. साकोलीच्या बसमध्ये, पोळ्या लाटताना, तिच्या मोबाईलवर शब्दांची कार्डं चालूच असायची. आधी मोबाईलमधून जपानी शब्द ऐकू यायचा, मग थोडी शांतता, त्या शांततेत तिचं उत्तर.

काल यांनी मोबाईल हिसकावला. "इथं सोयरीक जमून राहिली अन् तू जपानात म्हातारे धुवाले जाशीन?" मग तो माझ्यापुढे आदळला. "इच्या हातात देजो नको. शब्द दे."

माझा संताप देवालाच ठाऊक. मी हळूच म्हणाले, "देवाशपथ, तिच्या हातात नाही देणार."

आज संध्याकाळी गुंजन देवघराशेजारच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, हे पडवीत बसले होते. मी दिवा लावला. मोबाईल समईला टेकवून ठेवला, कार्डं सुरू केली, आवाज होता तेवढा मोठा केला.

आणि पोथी उघडली.