एक हजार सात

"अनुभवाचं पत्र देतो, पण बोलीकोशात तुमचं नेमकं काम किती, ते दिसायला हवं," संपादक सर म्हणाले आणि माझ्याच जुन्या कॉम्प्युटरकडे त्यांनी बोट केलं.

या कार्यालयातला सामायिक फोल्डर मीच तयार केला होता. आठ जणांचा गट केला, कुणीही कुणाची नोंद उघडून सुधारावी अशी परवानगी दिली. फोल्डरला 'आपलं' हे नाव सरांनी सुचवलं. पाच वर्षं मी त्यात शब्द भरत राहिले. गेल्या महिन्यात त्यांनी मला काढलं.

नव्या ऑपरेटर बाईंनी लिनक्स प्रणालीत फाइलींची यादी उघडली. फाइलींपुढे त्या करणाऱ्यांची नावं होती. माझं कुठेच नव्हतं. हजारो फाइलींपुढे नुसता आकडा होता, १००७.

"तुमचं कॉम्प्युटरवरचं खातं काढलंय ना," त्या हळूच म्हणाल्या. "खातं गेलं की नाव जातं, क्रमांक तेवढा उरतो."

"पण १००७ म्हणजे याच, कशावरून?" सरांनी त्यांना विचारलं.

बाई यादी खाली सरकवत गेल्या. माझी नजर यादीच्या तळाशी गेली. तिथे १००४ होता. त्या घोसाळकर बाई, माझ्या आधीपासून इथे शब्द भरणाऱ्या. मी नवी असताना त्याही अशाच पत्रासाठी आल्या होत्या. त्यांचं खातं सरांच्या सांगण्यावरून मीच काढलं होतं. सरांनी तेव्हा हाच प्रश्न मला विचारला होता.

"आकडा काय सर," मी म्हणाले होते, "कुणाचाही असू शकतो."