पोलिक्सेनीची पाण्याची भीती

“अहो आई! लेफ्तेरिस चालला!”

सुनेची किंकाळी ऐकून पोलिक्सेनीनं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. तिचा एकुलता एक मुलगा, वय सेहेचाळीस, वजन एकशे दहा किलो, हवा भरलेल्या गादीवर पालथा पडून खोल समुद्राकडे निघाला होता. झोपेत. उत्तरेचा वारा डोंगर उतरून येत होता आणि गादीला मागून रेटत होता. ग्रीसमधल्या अनाफी बेटाच्या या किनाऱ्यासमोर दुसरं वस्तीचं बेट नाही. पुढचा मुक्काम थेट क्रीट.

ही मंडळी लारिसा शहराकडची. तिथे नजर जाईल तिकडे सपाट शेतं. लेफ्तेरिस टायर विकायचा आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातला तो पट्टीचा पोहणारा होता. त्याची बायको ख्रिसान्थी, तिची मजल घोट्यापर्यंत. बेटावर येऊन त्यांना तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस काही ना काही होत होतं. बोटीतून उतरल्या उतरल्या लेफ्तेरिसनं गाडीची किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं. “आई, बघ ना जरा!” पोलिक्सेनीनं कपड्याच्या हँगरची तार सरळ केली आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खडकाला चिकटलेल्या, गोळ्यासारख्या काटेरी समुद्री जीवावर पाय दिला. “आई गं!” तिनं ऑलिव्हचं तेल चोळून सुईनं सतरा काटे काढले. संध्याकाळी दोघांच्या भाजलेल्या पाठींना दही थापलं. मग खोलीतला नळ तुटला. घरमालकिणीला फोन करायच्या आधी दोघांनी आईकडे पाहिलं.

आईला सगळं येत होतं. पोहणं तेवढं येत नव्हतं. पाण्याची तिला भयंकर भीती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून गेली तीस वर्षं दर उन्हाळ्यात तिला झाऊच्या झाडाच्या सावलीत बसवून बाकीचे पाण्यात जायचे. बिचारी चार-चार तास तिथे एकटी बसून राहायची.

आरडाओरडा ऐकून खाणावळीचा मालक सिदेरिस हात पुसत बाहेर आला.

“होडी काढा!” ख्रिसान्थीनं त्याचा दंडच धरला.

“होडी भाऊ घेऊन गेलाय बाई, धक्क्यावर. बोलावतो. अर्धा तास लागेल.”

“अर्ध्या तासात हा कुठे असेल?”

सिदेरिसनं वाऱ्याकडे तोंड केलं, गादीकडे पाहिलं आणि घाईघाईनं भावाला फोन लावला.

ख्रिसान्थीनं हाक मारायला तोंड उघडलं, तर सासूनं त्यावर हातच ठेवला. “ओरडू नकोस. दचकून उठेल. लहानपणी पलंगावरून पडायचा तो, रोज.”

मग तिनं अकरा वर्षं अंगावर असलेला विधवेचा काळा पोशाख डोक्यावरून काढला. आत पांढरा, जाड, गुडघ्यापर्यंतचा परकर होता.

“अहो आई, वेड लागलंय का? बुडाल तुम्ही!”

“कॉफीवर झाकण ठेव. माशी पडेल,” म्हणत पोलिक्सेनी पाण्यात शिरली.

पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि मग ती त्यावर आडवी झाली. ना खळखळ, ना धडपड. मान वर, हात लांब, बदकासारखी सरळ चालली. कास्तोरिया गावच्या तळ्याकाठी तिचा जन्म झालेला. तळ्यावर ती फक्त कपडे धुवायला जायची, असाच घरच्यांचा समज होता.

वय एकाहत्तर. खांदे भरून आले, दम लागला. एकदा लेफ्तेरिसनं कूस बदलायला पाय हलवला, गादी एका बाजूला कलली आणि पोलिक्सेनीनं हात आणखी जोरात मारले. तो पुन्हा स्थिर झाला. शेवटचे दहा हात ती कशी गेली ते तिचं तिला ठाऊक. गादीची दोरी मुठीत आली तेव्हा कुठे तिनं हळूच हाक मारली.

“लेफ्तेरिस. हलू नकोस.”

त्यानं एक डोळा उघडला. “आई? जेवण झालं तयार?”

“झालं. पडून राहा.”

तेवढ्यात त्यानं खाली पाहिलं. पाणी काळंनिळं होतं. त्याचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला.

“आई! तुला पाण्याची भीती वाटते ना!”

“वाटते. पाय मार.”

वाऱ्याच्या विरुद्ध सरळ येणं शक्य नव्हतं. तिनं गादी तिरकी ओढत खडकांच्या आडोशाला आणली, आणि तिथून किनाऱ्याला. ख्रिसान्थीनं रडत रडत आधी नवऱ्याला मिठी मारली, मग त्याला दोन गुद्दे घातले. सिदेरिसनं पोलिक्सेनीच्या खांद्यावर खाणावळीतलं टेबलक्लॉथ टाकलं आणि हातात राकीचा, तिथल्या कडक दारूचा, पेला दिला.  तो तिनं एका घोटात रिकामा केला.

लेफ्तेरिस वाळूत फतकल मारून बसला होता. जीव वाचल्याचा आनंद ओसरला आणि त्याला राग आला.

“तीस वर्षं, आई! तीस वर्षं आम्हाला वाटतंय तुला पोहता येत नाही. पोटच्या पोराला सांगितलं का नाहीस?”

पोलिक्सेनी केस पिळत राहिली. ख्रिसान्थीनं नाक पुसलं आणि सासूच्या जवळ सरकली.

“आई, मला शिकवाल? उद्यापासून? सकाळी लवकर उठून?”

“खरंच की!” लेफ्तेरिसचा चेहरा उजळला. “आणि पुढच्या वर्षी हिच्या भावाच्या, थानासिसच्या, तिन्ही पोरांना आणू. आम्ही निवांत जेवत बसू. तू त्यांना घेऊन पाण्यात राहा, दिवसभर!”

पोलिक्सेनीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“कळलं आता, का नाही सांगितलं ते?”