घोरण्याचा खर्ज

"हा माझा आवाज? अगं, हा तर डास गुणगुणतोय!" काका फोन कानाला लावून खो खो हसले.

काकूंचा पारा चढला. त्यांनी फोन हिसकावला आणि गाडीत स्पीकर बसवायला आलेल्या फिटरच्या नाकासमोर धरला.

"यांचं घोरणं आहे हे. उशाशी फोन ठेवून पकडलंय. रोज रात्री दचकून जाग येते मला, आणि हे म्हणे, मी घोरतच नाही! त्यातला खर्ज फोनात मावत नाही, म्हणून डास. गाडीत वूफर बसव. आज सोक्षमोक्ष!"

पैज लागली होती. काका घोरतात हे सिद्ध झालं, तर त्यांनी कायमचं गच्चीवर झोपायचं. नाही झालं, तर काकूंनी चारचौघांत माफी मागायची. जन्मात कुणाची माफी न मागितलेली बाई ती. नणंद साक्षीला हजर होती, गल्ली फुकटात.

फिटरनं डिकीत पाचशे वॅटचा सबवूफर बसवला. त्याला ताकद पुरवणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, मात्र काकूंनी भाच्याचा उचलून आणला होता, शंभर वॅटचा. आवाज पूर्ण चढवला, तर घोरणं टराटरा फाटलं आणि करपल्याचा वास सुटला.

"आता म्हण, मी झोपेत पत्रे कापतो," काका म्हणाले.

फिटरनं घाईघाईनं बटण बंद केलं. "काकू, अँप अशक्त आहे. अशक्ताला ओरडायला लावलं की तो फाटकं ओरडतो आणि स्वतःच करपतो. वूफरला सतत पाचशे झेपतात, तर अँपही सतत पाचशे देणारा हवा. खोक्यावर दोन हजार छापलेलं असतं, ती नुसती फुशारकी."

"यांच्यासारखी. बसव."

पाचशेचा अँप आला, जोडी जमली. फिटरनं आवाज हळूहळू चढवला आणि फाटायच्या आत हात आखडला.

मग जे घोरणं बाहेर पडलं, ते काय सांगावं! न्हाव्याची खुर्ची गिऱ्हाइकासकट गोल फिरली. वाण्याच्या रिकाम्या तराजूनं पाव किलो दाखवलं. उभी स्कूटर थरथरत कोपऱ्यापर्यंत चालत गेली. नणंदेची कवळी तोंडातल्या तोंडात टाळ्या पिटू लागली.

काका पांढरेफटक पडले. "मी... असा घोरतो?"

"दादा, तू गच्चीवरच जा रे बाबा," नणंद कवळी धरून म्हणाली.

"इतकी वर्षं झोपू दिलं नाही गं तुला," काका पुटपुटले, आणि मान खाली घालून समोरच्या घरात आपली उशी आणायला गेले.

काकूंनी गाडीची पुढची सीट मागे पाडली. ऐटीत पाय पसरले. जिंकल्यावर अंग सैलावतं तसं सैलावलं, डोळे मिटले. डिकीतून घोरणं गरजतच होतं.

"बंद कर रे ते आता!" गल्ली कान झाकून ओरडली.

फिटरनं अँप बंद केला. घोरणं चालूच. त्यानं वायर उपटली. चालूच. शेवटी बॅटरीच काढून रस्त्यावर ठेवली. तरी तोच खर्ज चालू.

काका उशी काखोटीला मारून परत आले. आधी त्यांनी बॅटरीकडे बघितलं, मग खिडकीतून आत. मग उशी हळूच काकूंच्या डोक्याखाली सरकवून ते गल्लीकडे वळले.

"हळू बोला," ते म्हणाले, "पुरावा झोपलाय."