बंद झालेली गोळी

"औषध अंगात दोन महिने हळूहळू झिरपत राहील, आता रोजची गोळी नको," इंजेक्शन देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी जेवणं झाली की वैजयंताचा हात सवयीनं डाळीच्या डब्याकडे जायचा. नवरा एचआयव्हीनं गेला तेव्हापासून त्याच आजारावरची, त्या डब्यात लपवलेली गोळी ती सासूच्या नकळत रोज घेत आली होती.

आज ती भांडी घासत होती, तेव्हा सासू शेजारी येऊन बसली.

"गोळी का सोडलीस?"

वैजयंताचे हात थबकले. "तुम्हाला ठाऊक होतं, आत्या?"

"त्यानंही अशीच सोडली होती. तेव्हा मी गप्प बसले. तुझ्या वेळी नाही बसणार."

वैजयंतानं हात धुतले आणि इंजेक्शनचं सगळं तिला सांगितलं.

"पुढच्या वेळी मी येते तुझ्याबरोबर," सासू म्हणाली.